रेघेबाहेरची गल्ली

नकाशा उलगडला, आत्याने तो एकदाच पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे आम्ही गेलो."

नावा बांधणाऱ्या मिस्त्रींच्या घरचे सगळे गोदीच्या माळ्यावरच्या आखणीघरात जमले होते. नावेच्या फासळ्या खऱ्या मापात खडूने आखायच्या म्हणून ठेवलेली ती लांबरुंद काळी लाकडी जमीन. आज तिच्यावर नावेऐवजी अख्खं बेट पसरलं होतं, चार कोपऱ्यांवर चार हातोडे ठेवून. समुद्राच्या अंगाने एक लाल रेघ धावत होती. त्या रेघेवर दगडी बांध होणार होता. तीन वर्षं ज्याच्यासाठी अर्ज झाले, हेलपाटे झाले, देवापुढे हात जोडून झाले, तोच बांध. रेघेच्या आत वरची गल्ली, शाळा, विहीर, गोदी. रेघेच्या बाहेर खालची गल्ली. एकोणीस घरं. त्यातलं बारावं आत्याचं.

"असं कसं गेलो? नीट बघ ना," कर्णा म्हणाला. मिस्त्रींचा हा मुलगा कानात बोलला तरी धक्क्यावर ऐकू जाई, म्हणून पाळण्यातलं नाव मागे पडून तो कर्णाच झाला होता. आता गोदी तोच चालवत होता.

"मी जाळी विणते रे बाळा. भोक कुठे आहे ते मला दाखवावं लागत नाही."

"अगं, पण तुझी सोय मी करतो की. गोदीच्या मागची जागा पडूनच आहे. उद्या ये, परवा छप्पर घालतो."

"आणि बाकीची अठरा?"

"त्यांचं सरकार बघेल."

"सरकारने बघितलं की! हे काय समोर पसरलंय?"

कर्ण्याची बायको मध्ये पडली. तिला घरात सगळे सूनबाई म्हणत, आणि ती उगाच बोलत नसे. "आत्या, राग मानू नका. गेल्या वादळात पाणी आमच्या उंबऱ्याला लागलं. दोन पोरं कडेवर घेऊन रात्रभर टेबलावर बसले होते मी. बांध होतोय, उंच होतोय. आज सही केली नाही तर दगड घेऊन येणारे पडाव पुढच्या बेटावर जातील. मग ना तुम्हाला, ना आम्हाला."

"तू टेबलावर होतीस ना? मी छपरावर होते," आत्या म्हणाली. "पण तुझं खरं आहे. पोरांची आई दुसरं काय बोलणार?"

हे सगळं चालू असताना मधली गुडघ्यांवर बसून नकाशाशी झुंजत होती. मिस्त्रींची ही मधली मुलगी. इंजिनियर बाई बेटावर आल्या त्या दिवसापासून ती त्यांच्या हाताखाली मोजणीचा दांडा धरून उभी राहायची, आणि संध्याकाळी घरी येऊन प्रत्येक आकडा दोनदा सांगायची. आज तिने वही मांडीवर उघडली होती. एक बोट वहीवर, एक नकाशावर. मग ती परत मोजणीच्या पहिल्या खुंटीपासून निघाली.

"थांबा," ती म्हणाली. "हे माझ्या वहीशी जुळत नाही."

"सहीच्या दिवशीच बरं सुचलं तुला," कर्णा म्हणाला.

"दादा, गप्प बैस जरा. तेवीस खुंट्या ठोकल्या आम्ही. एकवीस जिथल्या तिथे आहेत. बाविसावी आणि तेविसावी मी स्वतः धरून उभी होते, आत्याच्या गल्लीच्या पार पलीकडे, जुन्या दीपस्तंभाच्या खडकापाशी. नकाशात त्या गल्लीच्या अलीकडे आल्यात." तिचा श्वास वाढला होता. "दुसऱ्या मोजणीला मी नव्हते, तापाने पडले होते. पहिल्या आणि दुसऱ्या मोजणीच्या मधल्या आठवड्यात कुणीतरी खुंट्या उपटून आत ठोकल्यात!"

"वरच्या गल्लीतलाच कुणीतरी असणार," आत्या म्हणाली. आता तिचा आवाज चढला. "सांगते ना मी, आमची घरं बाहेर काढली की ह्यांचा बांध वीतभर उंच होतो. कुणाला नको असेल? नाव कळू दे फक्त. त्याच्या दारात जाऊन बसते!"

"लांब जायला नको," खिडकीजवळून आवाज आला. "दार तुझ्या माहेरचंच आहे."

मिस्त्री सगळ्यांकडे पाठ करून उभे होते. ते वळले नाहीत.

"खुंट्या मी हलवल्या."

माणसाचा गर्व त्याच्या कुठल्या अवयवात बिऱ्हाड करील, सांगता येत नाही. कुणाच्या मानेत बसतो, कुणाच्या जिभेवर. मिस्त्रींच्या तो डोळ्यात बसला होता, आणि इतक्या वर्षांत त्यांना तो परमेश्वराने दिलेला गुणच वाटत आला होता. पन्नास वर्षांत एकशे चाळीस नावा. एकीच्या अंगावर वेडीवाकडी रेषा दाखवा म्हणावं! फासळ्यांवरून लवचीक पट्टी फिरवायची, ती जिथे अडखळेल तिथे लाकूड तासायचं, आणि पट्टी पाण्यासारखी वळली की हात थांबवायचा. एवढीच त्यांची विद्या, आणि तिच्यापुढे सगळं बेट मान झुकवायचं.

"त्या संध्याकाळी इथेच उभा होतो," ते म्हणाले. "खाली लाल टोकांची रांग दिसली. काय सुंदर वळत होती! आणि शेवटी दोन खुंट्या भलतीकडेच. नावेच्या कुशीला गळू यावं तसं. मला वाटलं, मजुरांनी घाईत कुठेही ठोकल्या. खाली गेलो, उपटल्या, रांगेत आणून बसवल्या. परत वर येऊन बघितलं, तर रेघ कशी गोड वळली होती. बरं वाटलं मला." आता ते वळले. "भिंगरे, देवाशपथ सांगतो, मला बरं वाटलं."

भिंगरी हे आत्याचं लहानपणचं नाव. ते आता फक्त त्यांच्याच तोंडी उरलं होतं.

"गल्ली दिसली नाही तुला?" आत्याने विचारलं.

"ह्या खिडकीतून ती दिसत नाही. नावांच्या शेडचं छप्पर आडवं येतं."

"दादा, खिडकीतून नाही विचारलं मी. खाली गेला होतास ना? खुंट्या उपटायला? माझ्या दारावरून गेला असशील. तेव्हा?"

 तेव्हा मिस्त्री मान वर करून रेघेकडे बघत चालले होते. दुसऱ्या कशाकडे बघण्याचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

कर्णा सगळ्यांत आधी भानावर आला. "हे बघा, झालं ते झालं. ह्या माळ्याच्या बाहेर एक शब्द जायचा नाही. बाबांनी मुद्दाम केलेलं नाही. पण लोक काय म्हणतील? मिस्त्रींनी स्वतःचं घर वाचवायला बहिणीची गल्ली बाहेर काढली! बाबा, तोंड दाखवायला जागा राहील का आपल्याला?"

"दादा, एकोणीस घरं आहेत ती!" मधली ओरडली.

"मला मोजता येतात!"

"मग मोज ना!"

"ए, भांडू नका," आत्या म्हणाली. ती उठून जिन्याकडे निघाली होती. तिथे थांबून तिने भावाकडे पाहिलं. "मी कुणाला काही सांगणार नाही. तुझी चूक आहे, तूच सांग. नाही सांगितलीस तर मी समजेन की मला माहेर नव्हतंच. दुपारच्या भरतीला बाईंची लाँच सुटते. तोवर वाट बघते."

ती खाली उतरली. मिस्त्रींनी खुंटीवरची टोपी घेतली.

"बाबा, कुठे निघालात?" कर्ण्याने विचारलं, आणि बेटावरच्या निम्म्या लोकांना कळलं की मिस्त्री कुठेतरी निघालेत.

नावांच्या शेडमध्ये सगळं बेट जमलं होतं, कारण तेवढं मोठं छप्पर दुसरीकडे नव्हतं. अर्ध्या बांधलेल्या एका नावेच्या सांगाड्यात मुलं चढून बसली होती. इंजिनियर बाईंनी सुताराच्या ओट्यावर कागद मांडले होते आणि सारखं घड्याळाकडे बघत होत्या. उथळ खाडीतून त्यांची लाँच भर भरतीलाच निघू शकत होती.

मिस्त्रींनी फिरवून फिरवून सांगितलं नाही. टोपी काढली आणि जसं माळ्यावर सांगितलं तसंच सगळ्यांपुढे सांगितलं. शेवटी म्हणाले, "पन्नास वर्षं तुम्ही माझ्या डोळ्यावर विश्वास ठेवलात. तो चुकला. चूक पोटात घाला असं म्हणत नाही. रेघ बदला, एवढंच म्हणतो."

खालच्या गल्लीच्या बाजूने असा गलका उठला की शेडचे पत्रे वाजले. एक म्हातारा होडीवाला उठून उभा राहिला आणि नुसताच हातवारे करत राहिला, त्याला शब्दच सापडेनात.

इंजिनियर बाईंनी चष्मा काढला. "मला मोजणीवाल्यांनी सांगितलं, खुंट्या आत सापडल्या. मला वाटलं गावानेच ठरवलं असेल."

"बाई, गाव म्हणजे कोण?" आत्याने मागून विचारलं. "तुम्ही गावाला विचारलं म्हणता तेव्हा कुणाच्या ओट्यावर बसून विचारता? आमच्याकडे तर ओटाच नाही. गेला वाहून."

काही जण हसले. बाई हसल्या नाहीत. "तुमचं बरोबर आहे. मी येऊन बघायला हवं होतं." त्यांनी पेन्सिल घेतली आणि आकडेमोड सुरू केली. आत्याचं लक्ष त्यांच्या हातावर खिळलं. हा हात झटकून निघून जाणारा आहे की नाही, ते तिला बघायचं होतं. हात थांबला नाही. पान उलटून पुढे लिहीत राहिला.

"ऐका," बाई म्हणाल्या. "जुनी रेघ परत घेता येते, आजच. पण दगड तेवढाच आहे. बांध लांबला की उंची एक वीत कमी होणार. सगळे आत येतील, पण वरच्या गल्लीतल्या रेघेलगतच्या तीन घरांना मोठ्या वादळात पाणी लागू शकेल. त्या तीन घरांची संमती असल्याशिवाय मला बदल करता येणार नाही. नियम आहे."

तीन घरं. दोन घरांच्या माणसांनी होकार दिला आणि त्यांच्या नजरा तिसऱ्याकडे वळल्या. तिसरं सर्वांत सखल होतं, आणि ते मिस्त्रींचं होतं.

"मी देतो," मिस्त्री म्हणाले.

"घर तुमच्या नावावर नाही," मधली हळूच म्हणाली. "बाबा, मागच्या वर्षी तुम्हीच वहिनीच्या नावावर केलंत."

सगळं शेड सूनबाईकडे बघायला लागलं.

 सकाळी माळ्यावर 'एक शब्द जायचा नाही' म्हणताना कर्ण्याला स्वतःचा जेवढा राग आला नव्हता, तेवढा आता यायला लागला. बापाला टोपी काढून उभं राहिलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, लाज वाटेल. आणि वाटलं काय, तर छाती भरून आली. पण बायकोला काय सांगायचं? पोरांना घेऊन परत टेबलावर बस म्हणायचं? कुठल्या तोंडाने?

"वीतभर," सूनबाई म्हणाली. "बाई, वीतभर म्हणजे माझ्या घरात किती पाणी?"

"घोट्याएवढं. फार तर त्याच्या थोडं वर."

"धाकटा माझा रांगतो."

  आत्या पुढे आली आणि सूनबाईच्या शेजारी उभी राहिली. "नको म्हणालीस तरी मी तुला बोल लावणार नाही," ती म्हणाली. "उपकार म्हणून तर मुळीच देऊ नकोस."

आणि इथे कर्ण्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नजर समोरच्या सांगाड्यावर होती. लाकडी ठोकळे, त्यांच्यावर पाचरी, पाचरींवर नाव. तो ओरडला, आणि मुलं सांगाड्यावरून पडता पडता वाचली.

"घर उचलू!"

"काय?"

"घर, घर! आपलं! लाकडाचं आहे, खांबांवर उभं आहे, नावेपेक्षा हलकं आहे! बाबा, एवढ्या नावा उचलल्या आपण, त्यांच्यापुढे हे घर म्हणजे काय? वीतभर बांध खाली जातोय ना? दोन विती घर वर घेऊ! मग येऊ दे पाणी, खालून जाईल निघून!"

मिस्त्री मुलाकडे बघतच राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरायला लागलं. हा माणूस तिसाव्या वर्षी दिसत असेल तसा दिसायला लागला. "सहा खांब," ते म्हणाले. "दोन आडवे वासे खालून. प्रत्येक खांबाला दोन पाचरी. सगळे घाव एकदम. होईल. अरे, होईल की!"

"वहिनी, करशील सही?" मधलीने तिचे हात धरले.

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. उत्साहात हा माणूस चंद्रही उतरवून आणतो म्हणायचा, हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं. "उचलू म्हणतोस. कधी?"

"तू म्हणशील तेव्हा."

"आत्ता. माझ्यासमोर बोटभर उचलून दाखव. लाँच सुटायच्या आत. मग करते सही."

असा पळापळीचा दिवस बेटाने पाहिला नव्हता! गोदीतले वासे चौघांच्या खांद्यांवरून धावत निघाले. वरच्या गल्लीतली ती दोन घरं दारात उभी राहून 'येडे झालेत' म्हणत होती आणि म्हणता म्हणता ठोकळे पोचवत होती. खालच्या गल्लीतून माणसं आली, बायका आल्या, आणि तो शब्द न सापडणारा होडीवाला खांद्यावर घण घेऊन आला. "कुठला खांब माझा?" त्याला शब्द सापडले होते.

"मला विचारू नका," मिस्त्री म्हणाले. "भिंगरी सांगेल. तिला सगळ्यांचे हात माहीत आहेत."

आत्याने माणसं वाटली. डावखुऱ्याला कोपऱ्यात, उंचाला मागे, आणि एका भांडखोर जोडप्याला एकाच खांबावर समोरासमोर. "एकमेकांवरचा राग पाचरीवर काढा," तिने सांगितलं.

घरात सामान राहू द्यायचं ठरलं. पोरं मधलीकडे गेली. सूनबाई मात्र बाहेर येईना.

"अगं, बाहेर ये!" कर्णा घराखालून ओरडला.

"मी आतच उभी राहणार. माझं घर आहे. काय होतं ते मला पायांना कळलं पाहिजे."

तिने एक पसरट पातेलं काठोकाठ पाण्याने भरलं आणि खोलीच्या बरोबर मध्यावर, जमिनीवर ठेवलं. स्वतः भिंतीला हात न लावता उभी राहिली. खालून कुजबुज, खोकला, कुणीतरी कुणाच्या पायावर ठोकळा टाकल्याची शिवी.  मग आत्याचा आवाज.

"सगळ्यांनी एकदम! हाऽऽण!"

बारा घाव एकदम बसले. घर हललं नाही.

"हाऽऽण!"

कुठेतरी एक खिळा कुरकुरला. पातेल्यातल्या पाण्यावर एक गोल उमटला आणि विरला.

"झोपलात का रे? गल्ली तुमची आहे, माझी एकटीची नाही! हाऽऽण!"

आणि सूनबाईच्या तळपायांना कळलं. बाळ पोटात पहिल्यांदा फिरतं तेव्हा जसं कळतं, इतरांना सांगता येत नाही आणि चूकही होत नाही, तसं. सगळं घर, कपाटं, भांडी, पाळणा, दाराची कडी, एका श्वासाने वर आलं.  ती एकटीच हसायला लागली.

बाहेर आरोळी उठली. दारात इंजिनियर बाई आल्या, केस विस्कटलेले, बाहीला चिखल. त्यांनीही घण धरलेला दिसत होता. हातात कागद होता. त्यांच्या मागे मिस्त्री.

"उचललं!" मिस्त्री म्हणाले. "बोटभर म्हणालीस, दोन बोटं आहे. घे, कर सही." धक्क्यावर लाँचचा भोंगा वाजला.

सूनबाई खाली वाकली. "अजून नाही."

"आता काय राहिलं?"

"पातेल्यात बघा."

पाणी एका काठावरून ओघळलं होतं. पुढच्या कोपऱ्याकडे, समुद्राच्या बाजूला, एक बारीक धार जमिनीवर उतरत चालली होती.

मिस्त्रींनी एक डोळा मिटला, खोलीभर नजर फिरवली. "मला तर सरळ दिसतंय," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच थांबले. मग गुडघे टेकून बसले, गाल जवळजवळ पाण्याला लावला आणि बराच वेळ बघत राहिले. भोंगा दुसऱ्यांदा वाजला.

"तो कोपरा खाली आहे," ते म्हणाले. "सूनबाई, तुझं बरोबर आहे."

"चारही कोपरे सारखे झाल्याशिवाय मी ह्या घरात पोरं आणणार नाही. आणि एकोणीस घरांच्या कागदावर सहीही अशी तिरक्या जमिनीवर करणार नाही."

"लाँच थांबेल," इंजिनियर बाई म्हणाल्या, आणि खिडकीतून धक्क्याच्या दिशेने हात हलवायला लागल्या. "थांबा म्हणावं! ओ! कुणीतरी ओरडा ना!"

घराखालून कर्णा ओरडला. भोंगा गप्प झाला.

मग समुद्राकडच्या खांबाला एक घाव बसला. अजून एक. आता नुसता एकाच घणाचा आवाज होता, नेमका, न चुकता. काठावरची धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली. पाणी पातेल्याच्या चहूकडे सारखं टेकलं, इतकं शांत की त्यात छपराचे वासे दिसायला लागले.

सूनबाईने बाईंच्या हातून कागद घेतला, जमिनीवर पसरला, आणि पातेल्याच्या शेजारी बसून, एकेक अक्षर सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

फळ्यांच्या फटीतून आत्याचा धापा टाकणारा आवाज वर आला. "झाली का गं? का अजून एक मारू?"